खुलासा : ‘सन १९’ असलेला चांदीचा रुपया

‘फारसी अक्षरं आणि सन १९ असलेला हा रुपया १७७७ सालचा, मुघल टांकसाळीतला, अतिदुर्मिळ आहे,’ असा फोटोसह मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे.

१९ हे मुघल बादशहा शाह आलम दुसरा याचं राज्यवर्ष (गादीवर आल्यापासूनचं एकोणिसावं वर्ष, म्हणजे साधारण १७७७), हे बरोबर. नाण्यावर ‘मुर्शिदाबाद’ही आहे. पण ईस्ट इंडिया कंपनीने हेच वर्ष गोठवून ठेवलं होतं, म्हणजे नंतरच्या रुपयांवरही तेच छापलं जाई. जुन्या वर्षाच्या रुपयावर सराफ बट्टा कापत (किंमत कमी धरत), म्हणून १७९३ पासून ‘सन १९’चाच सिक्का (रुपया) प्रमाण ठरला. तो मुख्यतः कलकत्त्याला पडत होता. बादशहा १८०६ मध्ये वारला, तरी त्याच्या नावाचे रुपये पुढे कितीतरी वर्षं निघत राहिले.

फोटोतल्या नाण्याचा काठ नीट बघा. समान अंतरावरच्या तिरप्या रेघा दिसतात, कडाही एकसारखी गोल आहे. हे यंत्राचं काम. हाताने हातोडा मारून पाडलेल्या रुपयाचा काठ असा कधीच नसतो. पुढच्या काळातल्या रुपयांवर रेघा उभ्या झाल्या, नंतर काठ सपाट आला. कालखंड त्यावरूनच ठरतो.

नाणं सुंदर आहे, जरूर जपावं. मात्र ‘१७७७’ सांगून नवख्या संग्राहकांकडून जास्त पैसे घेतले जाताहेत. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका.