‘दुधाचेच दात, पडणारच आहेत’ : फिरत्या संदेशाला एक उत्तर

सणासुदीचे आणि सुट्ट्यांचे दिवस जवळ आले की एक संदेश हमखास फिरायला लागतो. यंदा तो मला तीन गटांवर आला आणि प्रत्येक ठिकाणी खाली ‘अगदी खरं’ म्हणून अंगठे. त्याचा मजकूर थोडक्यात असा : ‘गोड खाण्यावरून मुलांच्या मागे लागू नका. दात किडणं आनुवंशिक असतं. दुधाचे दात तर पडणारच आहेत. चॉकलेटऐवजी मध, मनुका, खजूर, फळांचा रस द्या. नैसर्गिक साखरेनं दात किडत नाहीत. एकदम खूप गोड देऊ नका, दिवसभर थोडं थोडं द्या. खाल्लं की लगेच ब्रश करायला लावा. फ्लोराइडची पेस्ट विषारी असते, ती टाळा.’

सूर मायेचा आहे आणि पहिलं वाक्य मला मान्यही आहे. मुलांच्या मागे लागून काही साधत नाही. पुढची वाक्यं मात्र एकेक करून तपासायला हवीत. संदेशातला क्रम सोडून मी सगळ्यात घातक वाक्यापासून सुरुवात करतो, कारण तेच सगळ्यात समंजस वाटतं.

‘दिवसभर थोडं थोडं द्या.’

पोटासाठी हा सल्ला ठीक असेल. दातांसाठी तो नेमका उलटा आहे. साखर तोंडात गेली की दातांवरच्या चिकट थरातले जिवाणू ती पचवून आम्ल तयार करतात. काही मिनिटांतच त्या थराचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साडेपाचच्या खाली जातो आणि दाताच्या वरच्या कवचातून, म्हणजे एनॅमलमधून, कॅल्शियम आणि फॉस्फेट निघून जायला लागतं. मग लाळ कामाला लागते. ती आम्ल धुते, त्याचा जोर मोडते, गेलेले क्षार थोडेथोडे परत आणून बसवते. या सगळ्याला साधारण अर्धा ते एक तास लागतो. अमेरिकी दंतसंशोधक रॉबर्ट स्टीफन यांनी 1940 च्या दशकात हा चढउतार मोजून आलेखावर मांडला, आजही तो त्यांच्याच नावानं ओळखला जातो.

आता हिशेब करा. जेवणानंतर एकाच बैठकीत चार चॉकलेटं खाल्ली तर आम्लाचा हल्ला एकदा होतो. तीच चार दर तासाला एक अशी दिली तर चार वेळा, आणि मधल्या वेळात लाळेला दुरुस्तीसाठी उसंतच मिळत नाही. साखर तेवढीच, नुकसान कितीतरी जास्त. गालात धरून अर्धा तास चोखायची गोळी तर याहून वाईट, कारण तिथे हल्ला संपतच नाही.

हे कागदावरचं गणित नाही. स्वीडनमधल्या लुंड इथल्या व्हिपेहोल्म रुग्णालयात 1940 च्या दशकात यावर मोठा प्रयोग झाला. तो आज कोणीही मान्य करणार नाही असा होता, कारण बौद्धिक अपंगत्व असलेल्या रुग्णांना त्यांच्या संमतीविना दातांना चिकटणारी टॉफी खायला घालण्यात आली. 1954 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जेवणासोबत साखर घेणाऱ्यांचे दात फारसे बिघडले नव्हते. जेवणांच्या मधे चिकट टॉफी खाणाऱ्यांच्या दातांची मात्र वाट लागली होती. त्या माणसांनी ही माहिती आपल्या दातांची किंमत देऊन मिळवून दिली आहे. निदान ती उलटी करून तरी पुढे पाठवू नये.

तेव्हा पाहुण्यांनी आणलेला खाऊ डब्यात जाऊ द्या आणि डबा जेवणानंतर उघडा. जेवताना लाळ भरपूर सुटलेली असते, तिचा फायदा मिळतो. वर पाणी प्यायलं की झालं.

‘दुधाचे दात तर पडणारच आहेत.’

पडणार आहेत, पण कधी? पुढचे दात मूल सहा-सात वर्षांचं असताना पडतात. मागच्या दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. म्हणजे चौथ्या वर्षी किडलेल्या दाढेनं मुलाला आणखी सहा-आठ वर्षं जेवायचं असतं. दुधाच्या दातांचं कवच पातळ असतं, त्यामुळे कीड लवकर आतल्या नसेपर्यंत पोचते. मूल रात्री रडत उठतं, एकाच बाजूनं चावतं, जेवण टाळतं आणि घरातल्यांना वाटतं नखरे चाललेत. मुळाशी पू झाला तर खाली तयार होत असलेल्या कायमच्या दाताच्या कवचावर डाग किंवा खड्डे राहू शकतात. आणि दाढ वेळेआधी काढावी लागली तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात. नवा दात मग वाट मिळेल तसा, वाकडातिकडा येतो.

इथे आमच्या घरची फजिती सांगायला हरकत नाही. धाकटी सहा वर्षांची असताना तिच्या सगळ्यात मागच्या दाढेवर काळा ठिपका दिसला. मी मोठ्या आत्मविश्वासानं म्हणालो, दुधाचीच आहे, पडेल. पुढे तिच्या दंतवैद्य बाईंनी शांतपणे विचारलं, ‘हिच्याआधी तिथे कुठली दाढ पडली होती?’ पडलीच नव्हती. पहिली कायमची दाढ साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे गुपचूप उगवते, कोणालाही न पाडता. म्हणून माझ्यासारखे कित्येक आईबाप तिला दुधाची समजून बसतात. ती दाढ जन्मभराची असते आणि तिच्या खोल खाचांत अन्न अडकून राहतं. या खाचा वेळेत सीलंटनं, म्हणजे दातावर बसवायच्या संरक्षक लेपानं, बुजवून घेता येतात. आम्ही ठिपका दिसेपर्यंत थांबलो, तिला फिलिंग करावं लागलं.

‘दात किडणं आनुवंशिक असतं.’

थोडंसं. कवचाची घडण, लाळेचं प्रमाण, दातांची ठेवण यांत वारशाचा वाटा आहे. पण जिवाणूंना साखरच मिळाली नाही तर चांगला-वाईट वारसा काय करणार? दक्षिण अटलांटिक महासागरातल्या त्रिस्तान द कुन्या या एकाकी बेटाचं उदाहरण बघा. 1930 च्या दशकात तपासणी झाली तेव्हा तिथल्या लोकांचे दात फारच चांगले निघाले होते. नंतर बाहेरून साखर आणि मैद्याचे पदार्थ यायला लागले आणि काही दशकांत मुलांचे दात किडू लागले. माणसं त्याच घराण्यांतली होती, बदललं ते ताट. उलट उदाहरण हवं असेल तर आनुवंशिक फ्रुक्टोज असह्यता नावाचा दुर्मीळ विकार आहे. त्यात नेहमीची साखर खाल्ली की त्रास होतो म्हणून ती माणसं गोडापासून दूरच राहतात, आणि त्यांच्यात दात किडण्याचं प्रमाण अगदीच कमी आढळतं. इथे वारशानं दात वाचवले म्हणायचं, तेही साखर बंद करून!

जाता जाता, ‘कीड’ या आपल्या शब्दानंही थोडा घोळ घातलाय. दाताला अळी लागते ही समजूत जगभर फार जुनी आहे. फ्रान्सचे दंतवैद्य पिएर फोशार यांनी 1728 मध्येच सूक्ष्मदर्शकातून पाहून ‘अळी काही दिसत नाही’ असं लिहून ठेवलं होतं. शब्द मात्र राहिला, आणि त्याबरोबर ‘लागायची तर लागणारच’ ही भावनाही.

‘नैसर्गिक साखरेनं दात किडत नाहीत.’

जिवाणूला साखर मधातून आली की कारखान्यातून याच्याशी कर्तव्य नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2015 मध्ये साखरेबद्दल मार्गदर्शक सूचना दिल्या, त्यांत मध, पाक आणि फळांचा रस हे सगळं वरून घातलेल्या साखरेच्याच रांगेत बसवलं आहे. रोजच्या ऊर्जेच्या 10 टक्क्यांहून कमी, आणि जमल्यास 5 टक्क्यांहूनही कमी, अशी ती मर्यादा. अख्खं फळ यात धरत नाहीत. फळ चावावं लागतं, लाळ सुटते. रस नुसताच दातांवरून वाहतो आणि वर आंबटही असतो. मनुका आणि खजूर पौष्टिक आहेत, वादच नाही, पण ते दाढांत चिकटून बसतात. दातांपुरतं बोलायचं तर चटकन विरघळून जाणारं चॉकलेट सोडून दिवसभर मनुका चघळणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. आणि वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात नको. ते दातांसाठी नाही, बॉट्युलिझम या विषबाधेच्या धोक्यामुळे.

‘खाल्लं की लगेच ब्रश.’

आंबट गोळ्या, कोला, रस यांच्यानंतर तर नकोच. आम्लानं कवच मऊ झालेलं असताना घासलं तर ते झिजतं. आधी पाण्यानं चूळ भरावी आणि अर्धा-एक तास जाऊ द्यावा. शिवाय दिवसातून सहा वेळा घासणारं मूल मी अजून पाहिलेलं नाही. दोन वेळा नीट झालं तरी पुष्कळ आहे. त्यातली रात्रीची वेळ चुकवू नये, कारण झोपेत लाळ जवळजवळ थांबते. ब्रशनंतर पाण्याशिवाय काही नाही, बाटलीतलं दूधसुद्धा नाही. मात्र उशिरापर्यंत कार्यक्रम चालला आणि मूल खांद्यावरच पेंगायला लागलं, तर अर्ध्या तासाचा नियम गुंडाळून ठेवा आणि दात घासूनच झोपवा. सात-आठ वर्षांपर्यंत ब्रश मोठ्यांच्या हातात हवा, तोवर मुलांचा हात मागच्या दाढांपर्यंत नीट पोचत नाही.

‘फ्लोराइड विषारी असतं.’

फ्लोराइड म्हणजे दाताचं कवच मजबूत करणारा क्षार. बाकी मात्रेचा प्रश्न आहे. तीन वर्षांखालच्या मुलांना तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, तीन ते सहा वयाला वाटाण्याएवढी. त्यात किमान 1000 पीपीएम (दहा लाख भागांत 1000 भाग) फ्लोराइड हवं, ट्यूबवर छापलेलं असतं. घासून झाल्यावर थुंकायचं, पण खळखळून चूळ भरायची नाही, म्हणजे पेस्टचा पातळ थर दातांवर राहतो. मुलानं रोज भरपूर पेस्ट गिळली तर पुढे येणाऱ्या कायमच्या दातांवर पांढरे ठिपके येऊ शकतात, म्हणून ट्यूब मुलाच्या हाती देऊ नये. पाण्यातच फ्लोराइड जास्त असलेल्या भागात राहत असाल तर दंतवैद्याला विचारून ठरवा.

एक गोष्ट मात्र या संदेशात असायला हवी होती आणि नाही. महिन्यातून एकदा, सुट्टी संपल्यावर तर नक्कीच, उजेडात मुलाचा वरचा ओठ उचलून हिरडीलगतचा भाग बघा. तिथे खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर ती किडीची पहिली पायरी असू शकते. भोक पडायच्या आत दंतवैद्याकडे गेलात तर बरेचदा ड्रिलची गरजच पडत नाही, फ्लोराइडच्या लेपावर आणि मधल्या वेळचं गोड बंद करण्यावर भागतं.