बिल्ड करणे सोपे आहे म्हणे!

सूचनांच्या फाइलमध्ये ‘खालील चार कमांड चालवा, प्रोग्राम तयार होईल’ असे ज्याने लिहून ठेवले आहे, त्याला माझ्या शेजारी बसवावे आणि नव्याने टाकलेल्या उबुंटूवर (ही एक लिनक्स प्रणाली) त्याच चार कमांड त्याच्याकडून चालवून घ्याव्यात, एवढीच माझी आजची मागणी आहे.

मला हवे होते ते अगदीच किरकोळ होते. मी श्राव्यपुस्तकांच्या ध्वनिमुद्रणाची साफसफाई करतो. ज्या मुक्तस्रोत प्रोग्रामवर हे काम चालते, तो लेबलमध्ये देवनागरी लिहिली की शेवटची मात्रा गिळतो, त्यामुळे ‘प्रकरण दुसरे’चे ‘प्रकरण दुसर’ होते. ही चूक सोर्समध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या मूळ कोडमध्ये, कधीच दुरुस्त झाली आहे, पण ती दुरुस्ती असलेली आवृत्ती अजून निघालेली नाही. सोर्स सर्वांसाठी खुला आहे, मग वाट कशाला पाहायची, त्यातून प्रोग्राम आपणच बांधू, म्हणजे बिल्ड करू, असा विचार करून मी शनिवारी दुपारी चहाचा कप घेऊन बसलो.

पहिल्याच कमांडने तोंडावर दार आपटले. पायथन भाषेची पॅकेजेस बसवणाऱ्या ‘पिप’ने कोनान (प्रोग्रामला लागणाऱ्या लायब्ररी, म्हणजे तयार कोडचे संच, आणून देणारे साधन) बसवा, असे सूचना सांगते, पण उबुंटूच्या २३.०४ आवृत्तीपासून पिप सिस्टिमच्या पायथनला हात लावायला साफ नकार देते, आणि माझ्याकडे तर २४.०४ आहे. वर तोच नकाराचा संदेश एक पळवाटही सुचवतो, जिचे नावच ‘ब्रेक सिस्टिम पॅकेजेस’ आहे! मुकाट्याने पायथनचे वेगळे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट केले आणि कोनान बसवले, तर ते निघाले दुसऱ्या पिढीचे. ही पिढी फेब्रुवारी २०२३ मध्ये आली आणि पहिल्या पिढीसाठी लिहिलेल्या कितीतरी रेसिपी, म्हणजे लायब्ररी कशी बांधायची ते सांगणाऱ्या फाइली, तिला चालत नाहीत. कोणती पिढी हवी, हे सूचनेत एका शब्दाने सांगितलेले नाही. ‘दोनपेक्षा कमी’ एवढे दोन शब्द लिहायला कोणाचे काय जात होते?

त्यानंतर डाउनलोडचा पूर सुरू झाला. पडद्यावर खिडक्या रेखाटण्याची लायब्ररी, एमपी३ची लायब्ररी, फ्लॅकची लायब्ररी असे एकेक सोर्स उतरू लागले आणि लॅपटॉपचा पंखा गिरणीसारखा घरघरू लागला. रात्री साडेनऊला सगळे थांबले. पडद्यावर शेकडो ओळी लाल झाल्या होत्या, आणि त्या वाचून काढल्यावर मुद्दा एवढाच निघाला की ‘यूइंट३२_टी’ (पूर्णांकाचा एक प्रकार) म्हणजे काय, हे कंपायलरला, म्हणजे कोडचा चालणारा प्रोग्राम करणाऱ्या साधनाला, ठाऊक नाही. कारण असे, की ज्यात ही व्याख्या असते तो सीएसटीडीइंट हा हेडर (व्याख्यांची फाइल) पूर्वी इतर हेडरांच्या मागून आपोआप आत येत असे. जीसीसी या कंपायलरच्या १३व्या आवृत्तीने ही मागच्या दाराची वाट बरीचशी बंद केली आणि ज्यांनी तो हेडर स्वतःहून मागितला नव्हता, ते सगळे उघडे पडले. दुरुस्ती एका ओळीची होती, पण ती ओळ कोणत्या फाइलमध्ये घालायची हे शोधण्यात माझे जेवण थंड झाले.

मग घाईने कंपायलरला आठ कामे एकदम लावली, तर ८ जीबी रॅम संपली आणि कर्नलने, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याने, कंपायलरचाच गळा दाबला. संदेश काय, तर ‘किल्ड’. तो दोष माझा, हे मान्य आहे. दोनच कामे लावून झोपायला गेलो.

या सगळ्यावर जाणकारांचे ठरलेले उत्तर असते, ‘माझ्याकडे तर चालते.’ चालणारच, कारण तुमच्या यंत्रावर गेल्या दहा वर्षांत बसवलेली प्रत्येक लायब्ररी पडून आहे! त्यापेक्षा मला आर्डर या ध्वनिमुद्रणाच्या प्रोग्रामवाल्यांचा रोखठोकपणा आवडतो: सोर्स फुकट घ्या, आणि तयार बांधलेला प्रोग्राम हवा असेल तर पैसे मोजा. बिल्ड करणे हे कष्टाचे काम आहे, याची ती उघड कबुलीच झाली, आणि मी तरी ते पैसे आनंदाने दिले असते.

रविवारी संध्याकाळी एकदाचे शंभर टक्के झाले. प्रोग्राम उघडला, लेबल घातले, आणि ‘प्रकरण दुसरे’ मात्रेसकट झळकले. आनंदाने प्लेचे बटण दाबले, तर आवाज नाही. ध्वनी उपकरणांची यादी उघडली, तर ती रिकामी! तासभर लॉग उपसल्यावर शेवटी एक ओळ सापडली: अल्सा (लिनक्सची ध्वनी यंत्रणा) आहे का, हे बिल्डच्या सुरुवातीलाच तपासले गेले होते आणि पुढे उत्तर लिहिले होते, ‘नो’. ‘लिबअसाउंड२-डेव्ह’ हे पॅकेज माझ्याकडे नव्हते, म्हणून आवाज वाजवणारी पोर्टऑडिओ लायब्ररी अल्साशिवायच बांधली गेली. मात्रेच्या एका दुरुस्तीसाठी दोन दिवस कंपायलर शेकडो ओळींनी माझ्यावर ओरडला, आणि ध्वनी संपादनाच्या प्रोग्राममधून ध्वनीच वगळला जात असताना कोणी थांबून साधा प्रश्नसुद्धा विचारला नाही.

पॅकेज बसवले आहे. बिल्ड पुन्हा सुरू केले आहे. पडद्यावर सध्या ३ टक्के दिसत आहेत.