सगळं आणि उरलेलं सगळं

शनिवारी रात्री आमच्या गच्चीवर चार जण ड्रॅगन मारायला जमतात. मे महिन्यात सोलापुरात त्यासाठी ड्रॅगन वेगळा आणावा लागत नाही; नऊ वाजले तरी फरशी आग ओकत असते. दोन चटया, वीस बाजूंचे फासे, कडक भाकरी आणि शेंगाचटणी एवढं सामान. डंजन्स अँड ड्रॅगन्स हा गोष्टीचा खेळ: प्रत्येकानं एक पात्र व्हायचं, कुणी चोर, कुणी बुटका, आणि त्याचं पुढं काय होतं ते फासा ठरवणार. तो अमेरिकेत निघाला १९७४ साली, म्हणजे आमच्या बापूच्याच वयाचा. दोघांचंही वाद घालायचं वय अजून सरलेलं नाही.

खेळ चालवणारा, म्हणजे डंजन मास्टर, मी. मास्टर नुसता नावाला. मूळ पुस्तकावर दोन वर्षं काढली, पण भांडणं इतकी वाढली की वर्गणी काढून नियमांची पुरवणी घ्यायचं ठरलं. एकच. छापील किंमत ४९.९५ डॉलर. आईनं मनातल्या मनात हिशेब केला आणि म्हणाली, "एवढ्यात चादरी चार येत्यात. डबलच्या."

उमेदवार दोन. २०१७ चं ‘झनाथर्स गाइड टू एव्हरीथिंग’ आणि २०२० चं ‘टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग’. पानं दोन्हींची १९२. झनाथर म्हणजे हवेत तरंगणारा एक भलामोठा डोळा, ज्यानं गोल्डफिश पाळलाय. टाशा ही चेटकीण. दोघंही आपापल्या पुस्तकात मध्ये मध्ये शेरे मारतात. बापूची हरकत नावापासूनच. "सगळं २०१७ लाच दिलं होतं की. मग २०२० ला काय दिलं बे?" बापू सुताचा व्यापारी आहे. लेबल आणि माल यांतलं अंतर त्याला लांबूनच कळतं.

झनाथरमध्ये शेवटी नावांच्या लांबलचक याद्या आहेत, भारतीय नावंसुद्धा. त्यावरही बापू भडकला. "नावासाठी पैसे? आमच्यात आत्या फुकट ठेवती." जडसर चिलखत घालून झोपलं तर विश्रांती नीट मिळत नाही, असाही एक नियम त्यात आहे. हे सांगायला अमेरिकेतून पुस्तक यावं लागतं! आम्हाला बनियन घालून झोप येत नाही.

अण्णाचं मत मात्र पक्कं होतं. टाशाच. कारण तिच्यात संधिप्रकाशाचा पुजारी आहे, त्याला अंधारात तीनशे फूट दिसतं. अण्णाच्या बुटक्याला आतापर्यंत साठ फूट दिसायचं. शिवाय ही नजर तासभर सोबत्यांनाही देता येते. लोडशेडिंगमध्ये बारावी केलेल्या माणसाला याचं मोल सांगावं लागत नाही. पण माझं काय? मी आठवडाभर कष्ट करून काळोख्या गुहा आखतो. त्यात हा बल्ब लावून फिरणार.

खरी जुंपली ती पडण्यावरून. भाच्याचा चोर दर शनिवारी कुठून तरी पडतोच. मूळ नियम सोपा होता: दहा फुटांना एक फासा, तेवढी इजा. झनाथर म्हणतो, पडलास की पहिल्याच झटक्यात पाचशे फूट खाली. म्हणजे कुणाला काही सुचेपर्यंत तू जमिनीवर. टाशाला वेगळीच चिंता: पडणारा पडला कुणाच्या अंगावर? खालच्याला चुकवता आलं नाही, तर इजा दोघांत निम्मी निम्मी.

"मामा, टाशाच घ्या," भाचा हात जोडून म्हणाला. "राक्षसाच्या अंगावर पडेन. अर्धं त्याला, अर्धं मला."

"धंद्यात असलेच पार्टनर भेटत्यात," बापू म्हणाला.

मी वहीत दोन रकाने आखले होते. अकरा वाजेपर्यंत दोन्ही रकान्यांत चटणीचे डाग तेवढे उरले. त्यात भाच्यानं मोबाइलवरून बातमी काढली की २०२४ मध्ये मूळ पुस्तकच नव्यानं निघालंय. ही बातमी आपण ऐकलीच नाही, असं एकमतानं ठरलं. त्या रात्रीचं तेवढंच एकमत.

शेवटी फासा टाकायचा. सम आला तर झनाथर, विषम आला तर टाशा. अण्णानं फासा दोन्ही तळव्यांत घोळवला, सिद्धेश्वराचं नाव घेतलं आणि असा काही भिरकावला की तो चटईवरून उडाला, कठड्यावर टण्णकन आपटला आणि खाली गेला.

खाली शेजारच्या मावशी उभ्या होत्या. चार दिवसांनी नळाला पाणी आलेलं, हातात पाइप, समोर पिंप.

"आई गं!"

क्षणभर कुणी श्वास घेतला नाही. मग भाचा हळूच म्हणाला, "वीस फूट. दोन फासे इजा. निम्मी मावशींना."

"नाही," अण्णा कुजबुजला. "दोघांतलं कुणी अगदी चिमुकलं असलं तर तो नियम लागत नाही. फासा चिमुकला आहे."

"मग सगळी इजा फाशाला?"

मी दोघांच्या पाठीत रट्टा घालेपर्यंत बापू कठड्यावरून वाकला होता.

"मावशी, लागलं का हो?"

"लागलं का म्हणून काय विचारतोस? कुणी टाकलं रे हे?"

"ते राहू द्या. पडलं तेव्हा वर आकडा कोणता होता?"

मावशींनी पाइपाचं तोंड वर केलं. पाण्याला त्या रात्री, कधी नव्हे तो, चांगला जोर होता.