तो दहा हजारांचा आकडा माझा आहे

आज सकाळी एका डॉक्टरांचं नवं चरित्र हाती आलं. चाळता चाळता एका वाक्यावर थांबले. 'वर्तमानपत्रातील नोंदीनुसार डॉक्टरांनी १०,००० हून अधिक शस्त्रक्रिया केल्या.' खाली तळटीप, तारखेसकट. सगळं रीतसर.

तो आकडा मी लिहिलाय.

२२ वर्षांपूर्वी त्यांच्या साठीनिमित्त गौरविका निघाली, तिचं काम माझ्याकडे होतं. वही उघडून त्यांच्या केबिनमध्ये बसले होते. विचारलं, "सर, एकूण ऑपरेशन्स किती झाली असतील?" टॉवेलला हात पुसत ते म्हणाले, "लिहा दहा हजार. मोजतंय कोण?" मी लिहिलं. गौरविकेतून ते वर्तमानपत्राच्या पुरवणीत गेलं, पुरवणीतून आज चरित्रात आलं. 'हून अधिक' वाटेत कुणीतरी चिकटवलं.

आणि या लेखकाची प्रस्तावना काय म्हणते? 'मी पूर्णपणे तटस्थ राहिलो आहे.' अहो, कशाच्या जोरावर? तुमची तीन साधनं म्हणजे गौरविका, गौरविकेवरून छापलेली पुरवणी आणि डॉक्टरांच्या शिष्याची मुलाखत. तिन्हींत बोलणारा माणूस एकच! डॉक्टरांची चौकशी झाली होती, त्यांच्यावर ठपका आला होता, त्याला एक ओळ: 'काही वादही झाले.' कसले वाद? कुणाशी? निकाल काय लागला?

'वादग्रस्त' या शब्दाची मला आता चीड येते. अँड्र्यू वेकफिल्ड या ब्रिटिश डॉक्टरलाही लोक वादग्रस्तच म्हणतात. १९९८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात १२ मुलांवरचा त्याचा शोधनिबंध, त्यातून गोवराच्या लशीचा आणि ऑटिझमचा संबंध असल्याची जगभर पसरलेली भीती. लस कंपन्यांवर दावा लावू पाहणाऱ्या वकिलाकडून आलेला पैसा त्यानं लपवला होता. २०१० मध्ये ब्रिटनच्या वैद्यकीय परिषदेनं त्याला अप्रामाणिक ठरवून डॉक्टरांच्या नोंदवहीतून काढलं, 'लॅन्सेट'नं शोधनिबंध मागे घेतला. यात वाद कुठे उरला? तरी 'काहींच्या मते असं, काहींच्या मते तसं' लिहून हात झटकणारे आहेतच. त्याची स्वतःची बाजू मांडणारं पुस्तक आणि परिषदेनं साक्षीपुरावे तपासून दिलेला निकाल, दोन्ही एकाच तागडीत टाकायचे आणि वर त्याला तटस्थपणा म्हणायचं!

हो, अधिकृत मंडळीही चुकतात, मान्य. व्हिएन्नाच्या इस्पितळातल्या सेमेलवाइस या डॉक्टरनं १८४७ मध्ये तिथल्या डॉक्टरांना हात धुवायला लावून बाळंतिणींचे जीव वाचवले, आणि मोठमोठ्या प्राध्यापकांनीच त्याला मोडीत काढलं. लोबोटॉमीसाठी, म्हणजे मनोरुग्णांच्या मेंदूवरच्या शस्त्रक्रियेसाठी, एगास मोनिझ या पोर्तुगीज डॉक्टरला १९४९ चं नोबेल मिळालं, तेही अधिकृतच. पण सेमेलवाइसकडे दोन प्रसूतिकक्षांतल्या मृत्यूंची महिनावार नोंद होती. आमच्या डॉक्टरांकडे टॉवेल होता.

त्या दिवशी केबिनबाहेर बाकावर एक आजी बसल्या होत्या. मांडीवर प्लास्टिकची पिशवी, आत डिस्चार्ज कार्ड, तपासण्यांचे कागद, घडीवर फाटलेली एक चिठ्ठी. मी निघाले तर म्हणाल्या, "बाई, तुम्ही पेपरवाल्या का? माझ्या सुनेचं लिहाल का?" मी म्हटलं, "आजी, मी गौरविकेचं काम करतेय." त्यांना ते कळलं नाही. त्यांनी पिशवी पुढे केली. मी हातात घेतली नाही.

मॅरियन सिम्सबद्दल वाचताना मला दर वेळी ती पिशवी आठवते. स्त्रीरोगशास्त्राचा जनक म्हणून त्याचं नाव. १८४० च्या दशकात त्यानं अलाबामात गुलाम स्त्रियांवर भूल न देता प्रयोग केले. एकट्या अनार्कावर सुमारे ३० शस्त्रक्रिया. अनार्का, बेट्सी, लुसी ही नावं आपल्याला ठाऊक आहेत ती त्यानंच लिहून ठेवली म्हणून. इतर स्त्रियांची नावंही नाहीत. त्या तिघींचा स्वतःचा एक शब्द मागे राहिलेला नाही. त्यांची संमती होती, हेही तोच सांगतो. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधला त्याचा पुतळा हटायला २०१८ उजाडलं.

या चरित्रकारावर सकाळी फार चिडले होते. आता वाटतं, त्याला तरी दोष किती द्यायचा? त्याला छापील कागद मिळाला, त्यानं तो मानला. तो कागद छापायला मीच दिला होता. त्यानं निदान एखाद्या रुग्णाच्या घरी जायला हवं होतं, हे मात्र म्हणणारच. डॉक्टर चांगलेही होते. माझ्या आईला त्यांनीच बरं केलं, एक पैसा घेतला नाही. तेही चरित्रात यावं. पण ते मी सांगितलं असं माझ्या नावानिशी यावं, आणि त्यांच्याकडून उपकार झालेली बाई म्हणून यावं.

प्रकाशकाकडून लेखकाचा पत्ता मिळालाय. रात्री लिहायला बसणार आहे. तो आकडा कुठून आला, केबिनमध्ये काय बोलणं झालं, सगळं तारखेसकट. आणि आजींचंही लिहीन. त्यांचं नाव मला माहीत नाही, मी विचारलंच नव्हतं.