‘अंगठा लावला की कळतं’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

जुन्या गाडीच्या इंजिनचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधे पिस्टन हवा किती दाबतो ते, गेजने कसं मोजायचं यावरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. राग बाजूला काढला तर तिच्यात तीन मुद्दे उरतात. पहिला, स्पार्क प्लग काढून त्याच्या भोकावर अंगठा ठेवून जे कळतं त्यासाठी गेज, म्हणजे दाब दाखवणारं काट्याचं मीटर, कशाला? दुसरा, कॉम्प्रेशन रेशो (सिलिंडरमधली हवा किती पट दाबली जाते तो आकडा) ८.५ असलेल्या माझ्या जुन्या गाडीत ८.५ गुणिले बाहेरच्या हवेचा दाब १४.७ म्हणजे १२५ पीएसआयच्या (हे दाबाचं माप) वर काटा जाऊच शकत नाही, तेव्हा लेखातला १५५ चा आकडा खोटा. आणि तिसरा, टॅपेट (व्हॉल्व्ह ढकलून उघडणारे भाग) न बघताच मी लोकांना हेड (इंजिनचा वरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) उतरवायला सांगतो. हा तिसरा लागला, कारण तो खरा आहे. त्याच्याकडे येतोच.

अंगठ्याला ‘आहे’ की ‘नाही’ एवढंच कळतं. व्हॉल्व्ह पार जळला असेल तर नुसती फुसफुस होते, मान्य. पण ११० आणि १५० यांतला फरक? दोन्ही वेळा अंगठा सारखाच उडतो. जुन्या गाडीचं दुखणं बहुतेक वेळा तिथेच कुठेतरी असतं.

गुणाकार तुमचा बरोबर आहे, पण हवा दाबली की तापते हे त्यात धरलेलं नाही. सायकलचा पंप जोरात मारला की त्याचा खालचा भाग हाताला गरम लागतो, तेच इथेही. ती सगळी उष्णता हवेतच राहिली असती आणि जराही हवा सुटली नसती, तर ८.५ रेशोवर काटा २७५ च्या पुढे गेला असता. तसं होत नाही. पिस्टन वर निघाल्यावरही हवा आत घेणारा इनटेक व्हॉल्व्ह थोडा वेळ उघडाच असतो, तेवढी हवा मागे पळते. उरलेली सिलिंडरच्या भिंती तापवते, थोडी पिस्टनभोवतीच्या रिंगांवाटे गळते. म्हणून खरा आकडा या दोन्हींच्या मधे कुठेतरी पडतो. तो गुणाकाराने काढायचा नसतो, गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधे बघायचा असतो. गाडी डोंगरावर असेल तर तोही कमी भरतो, दर हजार फुटांमागे साधारण ३ टक्के.

मोजण्याआधीची तयारी म्हणजे इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, बॅटरी भरलेली, एक्सिलेटर तळापर्यंत दाबलेला, याला तुम्ही ‘सोहळा’ म्हणालात. हसलो. पण एक्सिलेटर न दाबता सेल्फ मारणं म्हणजे नाक-तोंड दाबून धरायचं आणि वर फुगा फुगव म्हणायचं. सिलिंडरला हवाच मिळाली नाही तर तो दाबणार काय? शिवाय गेजच्या नळीच्या टोकाला जी बारीक पिन असते, ती खराब झाली की काही जण टायरच्या व्हॉल्व्हची पिन बसवतात. तिची स्प्रिंग कडक असते, काटा कमी दाखवतो, आणि धडधाकट इंजिन उगाच आजारी ठरतं.

खरं तर शेवटच्या आकड्यापेक्षा काटा चढतो कसा ते बघावं. चांगला सिलिंडर पहिल्याच धक्क्याला मोठी उडी घेतो. रिंगा झिजल्या असतील तर पहिली उडी छोटी, मग काटा पायऱ्या चढल्यासारखा वर जातो. व्हॉल्व्ह गळत असेल तर तो खालीच घुटमळतो.

आता माझी चूक. माझी रीडिंग होती १५५, १५०, ९५, १५०. तिसऱ्यात चमचाभर ऑइल घातलं, ९५ चे जेमतेम १०० झाले. रिंगा झिजल्या असत्या तर ऑइलने फट भरून काटा चांगलाच वर गेला असता. म्हणून मी लिहून मोकळा झालो: व्हॉल्व्ह गेलाय, हेड उतरवा. त्यावर तुम्ही एका ओळीत विचारलंत, ‘टॅपेट बघितले का?’ नव्हते बघितले.

रविवारी इंजिन थंड असताना कव्हर काढलं. तिसऱ्याच्या एक्झॉस्ट (धूर बाहेर सोडणाऱ्या) व्हॉल्व्हच्या टॅपेटच्या गॅपमधे फीलर गेजची (फट मोजायच्या पट्ट्यांची) सगळ्यात पातळ पट्टीसुद्धा आत जाईना. म्हणजे व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होत नव्हता. वर्षानुवर्षं तो सीटमधे (बंद झाल्यावर टेकतो त्या कडेत) बसत जातो, तशी वरची गॅप कमी होते. गंमत अशी की गॅप कमी झाली की टॅपेटचा आवाजही जातो. मी तर महिनाभर खूश होतो, इंजिन किती शांत झालंय म्हणून! मॅन्युअलप्रमाणे गॅप लावली, इंजिन पुन्हा गरम करून मोजलं, १४० आलं.

लेखात दुरुस्ती केली आहे: गाडीत टॅपेटची गॅप हाताने लावायची असेल तर आधी ती बघा, मग हेडचं नाव. तुमच्यामुळे माझं हेड वाचलं, हे उघडपणे लिहितो. पण बघायचं ते तिसऱ्यातच, हे मला गेजनेच सांगितलं, अंगठ्याने नाही.

बाकीच्यांच्या मानाने अजून १० कमी आहेत. पुढच्या रविवारी तिसरा पिस्टन वर आणून, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना, प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडणार आहे. सायलेन्सरमधून सूं ऐकू आलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइल भरायच्या तोंडातून आलं तर रिंगा. जे निघेल ते इथेच खाली लिहितो.