बाटलीवर पानाफुलांची चित्रं आणि घोट्यावर डास

वारा पडलाय. दिवस मावळतोय. पाण्यावर काच पसरल्यासारखी शांतता, आणि गळाच्या दोरीवर तरंगणारा फ्लोट एकदा हलला, थांबला, पुन्हा हलला. एक हात रॉडवर, दुसरा रिळाच्या हँडलवर. नेमका त्याच वेळी, मोजा जिथे संपतो आणि पँट जिथे सुरू होते त्या दोन बोटांच्या फटीत डास येऊन बसतो. मारायला हात मोकळा नाही. पाय आपटावा तर काठाची थरथर पाण्यात उतरणार आणि मासा गळ सोडून पसार होणार. मग काय, बसा दात-ओठ खात.

डास पळवायचं म्हणून जे काही विकलं जातं, ते बनवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर हे दृश्य कधी आलेलंच नाही. त्याच्या डोळ्यांसमोर असतो पंख्याखाली, सोफ्यावर, कोरड्या अंगाने बसलेला माणूस. ओले हात, घाम, वारा, आमिषाचा डबा, प्लॅस्टिकची साधनं आणि तिखट नाकाचा मासा यांचा त्या बाटलीशी काडीचा संबंध नाही. आणि तीच बाटली ‘मासेमारीसाठी उत्तम’ म्हणून खुशाल गळ्यात मारतात!

आधी लेबल. पुढच्या बाजूला हिरवी पानं, हसरं बाळ, ‘शंभर टक्के नैसर्गिक’, ‘बारा तास संरक्षण’. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. जे वाचायला हवं ते मागे, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत. तिथे दोनच गोष्टी बघायच्या असतात: औषधाचं नाव आणि त्याचा टक्का. कातडीला लावायच्या औषधांत भरवशाची नावं मोजकी आहेत: डीट, पिकारिडिन (याचंच दुसरं नाव आयकारिडिन), आयआर३५३५ आणि पीएमडी. यातलं एकही नसेल आणि नुसतं ‘सुगंधी तेलांचं मिश्रण’ लिहिलं असेल, तर ती बाटली अत्तर म्हणून घ्या. डासांसाठी घेऊ नका.

टक्क्याचा अर्थही कुणी धड सांगत नाही. टक्का म्हणजे जोर नव्हे, टक्का म्हणजे वेळ. दहा टक्के डीट साधारण दोन तास टिकतं, चोवीस टक्क्यांच्या आसपासचं पाच तास. पन्नासच्या वर गेलात तर फारसं काही वाढत नाही, फक्त अंग तेलकट होतं. तरी ‘सर्वात स्ट्राँग द्या’ म्हणत अठ्ठ्याण्णव टक्क्यांची बाटली घेणारे घेतातच, आणि विकणारा मुकाट्याने देतो.

‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २००२ साली एक तुलना छापून आली. औषध लावलेला हात डासांच्या पिंजऱ्यात घालायचा आणि पहिला चावा किती वेळाने बसतो ते मोजायचं. २३.८ टक्के डीट सरासरी ३०० मिनिटं टिकलं. सिट्रोनेलाची, म्हणजे एका सुगंधी गवताची, तेलं वीस मिनिटांच्या आत गारद. साडेसात टक्के आयआर३५३५ जेमतेम तेवीस मिनिटं, म्हणजे नाव बरोबर असून टक्का तोकडा. आणि मनगटाला बांधायचे पट्टे? अर्धा मिनिटसुद्धा नाही! गळाला गांडूळ लावून होईपर्यंत खेळ खलास. तरीही ते रंगीत पट्टे आजही लटकलेले असतातच. पट्ट्यातलं औषध मनगटाभोवती चार बोटांपलीकडे जातच नाही, मग घोट्याला त्याचा काय उपयोग? रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

आता डीटचं खरं दुखणं, जे मासे धरणाऱ्याला कुणीच सांगत नाही. डीट १९४६ साली अमेरिकी सैन्यासाठी तयार झालं आणि १९५७ पासून सर्वांना मिळू लागलं. डासांवर ते चालतं, यात वाद नाही. पण ते प्लॅस्टिक विरघळवतं. सैनिकाच्या खांद्यावर बंदूक होती, त्याच्याकडे पीव्हीसी प्लॅस्टिकचं आवरण असलेली फ्लाय लाइन, म्हणजे गळाची जाड दोरी, नव्हती, त्यामुळे त्याचं फारसं बिघडलं नाही. आपलं बिघडतं. डीट लावलेल्या बोटांनी आमिषाच्या डब्याचं पारदर्शक झाकण उघडा आणि दुसऱ्या दिवशी बघा. झाकणावर अंगठा जसाच्या तसा उमटलेला असतो, एकेक रेघ मोजता येईल असा, आणि त्या जागी प्लॅस्टिक दुधासारखं पांढुरकं. पुसून जात नाही, कारण तो डाग नसतो. तिथलं प्लॅस्टिकच वितळलेलं असतं. हेच गॉगलच्या काचेचं, घड्याळाच्या काचेचं, लूरवरच्या, म्हणजे खोट्या आमिषावरच्या, रंगाचं, रॉडवरच्या वॉर्निशचं. मऊ रबरी लूर चिकट होतात. फ्लाय लाइनचं आवरण चिकट होऊन पुढे तडकतं. सुती, लोकरी आणि नायलॉनला डीट सहसा काही करत नाही, त्यामुळे साधा नायलॉनचा तंगूस, म्हणजे गळाची बारीक दोरी, वाचतो. पण रेयॉन आणि ताणणारा स्पँडेक्स वाचत नाही. बाटलीवर मात्र ‘प्लॅस्टिकपासून दूर ठेवा’ एवढं एक ओझरतं वाक्य. अहो, सगळा पसाराच प्लॅस्टिकचा आहे, दूर ठेवायचा तो कुठे?

म्हणून गळ टाकून बसणाऱ्याने वीस टक्के पिकारिडिन घ्यावं, हे सरळ मत. प्लॅस्टिकला धक्का नाही, वास जवळपास नाही, चिकटपणा कमी, आणि कोरड्या अंगावर आठ तासांच्या आसपास टिकतं. पण ते कोरड्या अंगावर! घाम, पाणी आणि बाहीला सारखं तोंड पुसणं या तिन्हींनी तो वेळ झपाट्याने खाली येतो. दहा टक्क्यांचं पिकारिडिनही मिळतं, ते संध्याकाळच्या दोन-तीन तासांपुरतं ठीक. रात्रभर बसायचं तर वीसच. स्प्रे आणि लोशन असे पर्याय असतील तर लोशन. वाऱ्यात स्प्रेचा निम्मा फवारा शेजारच्याच्या अंगावर जातो, आणि मग आपण ‘लावलं तरी चावतात’ म्हणून बोंबलायचं.

पीएमडीच्या नावाखाली तर उघड फसवणूक चालते. लिंबाच्या वासाच्या निलगिरीच्या पानांपासून काढून, प्रक्रिया करून पीएमडी वाढवलेला अर्क डासांवर चालतो. त्याच झाडाचं साधं सुगंधी तेल म्हणजे तो अर्क नव्हे. त्यात पीएमडी अगदी नावापुरतं असतं. नावं मात्र इतकी सारखी, की गिऱ्हाईक तेल घेऊन घरी जातं. अर्क घेतला तरी डोळ्यात गेला तर चांगलाच झोंबतो, आणि तीन वर्षांखालच्या मुलांना लावायचा नाही.

औषध बरोबर निवडलं तरी लावण्यात घोळ ठरलेला. दोन फुस्स फुस्स करून मोकळे! हे औषध काही अंगाभोवती कवच उभं करत नाही. लावलेल्या जागेच्या भोवती जेमतेम काही सेंटिमीटर त्याचा असर. नाण्याएवढी जागा सुटली की डास तीच शोधतो. थर जाड नको, सलग हवा. कानाच्या पाळ्या, कानामागे, मानेची मागची बाजू, केसांचा भांग, मनगटाची आतली बाजू आणि घोटे या जागा सगळेच विसरतात. चेहऱ्यावर थेट फवारा मारायचा नाही. बोटांवर घेऊन कपाळ, गाल, हनुवटीला लावायचं, डोळे-ओठ सोडून. कपड्यांच्या आत लावायचं नाही, जखमेवर नाही.

आणि तळहात! मासे धरणाऱ्यासाठी सगळी गोम इथे आहे. तळहाताला औषध म्हणजे आमिषाला औषध, गळाला औषध, पकडून पाण्यात सोडायच्या माशाच्या अंगावरच्या बुळबुळीत थराला औषध. माशाचं नाक किती तिखट असतं हे वेगळं सांगायला नको. तेव्हा लोशनचा थेंब डाव्या पंजाच्या पाठीवर घ्या आणि उजव्या पंजाच्या पाठीनेच चोळा. दिसतं विचित्र, पण तळहात कोरडे राहतात. चेहरा करून झाला की बोटं बिनवासाच्या साबणाने धुवायची, तीही बाटलीतल्या पाण्याने आणि काठापासून लांब. हे सगळं काठावर पोहोचण्याआधी उरकायचं. आमिषाचा डबा उघडल्यावर नाही.

उन्हाचं मलम आणि डासांचं औषध एकाच ट्यूबमध्ये भरणाऱ्याला तर काय म्हणावं! उन्हाचं मलम दर दोन तासांनी लावावं लागतं, डासांचं औषध एवढ्या वेळा लावायचं नसतं. म्हणजे एकतर ऊन भाजणार, नाहीतर औषधाचा गरजेपेक्षा जास्त मारा होणार. त्यात डीट असेल तर मलमाचा असर सुमारे एक तृतीयांशाने उतरतो. दोन्ही वेगवेगळं घ्या. आधी मलम, मग पंधरा-वीस मिनिटं थांबून औषध.

परमेथ्रिनबद्दल मात्र गप्प बसवत नाही. हे कातडीचं औषध नाही, कपड्यांचं आहे. ०.५ टक्क्याचं, कपड्यांसाठी म्हणूनच विकलं जाणारं घ्यायचं. शर्ट, पँट, मोजे, टोपी यांवर आदल्या दिवशी घराबाहेर मोकळ्या हवेत ओलसर होईपर्यंत फवारायचं आणि टांगून खडखडीत वाळू द्यायचं, दोन ते चार तास. साधारण सहा आठवडे किंवा सहा धुण्यांपर्यंत चालतं. ओलं असताना मांजर जवळ फिरकू द्यायचं नाही, तिच्यासाठी ते विष आहे. आणि माशांसाठी तर जहाल विष. तरी काही महाभाग काठावर, पाण्यापासून चार हातांवर उभं राहून पँटवर परमेथ्रिन फवारतात आणि मग ‘आज मासाच लागत नाही’ म्हणून नशिबाला बोल लावतात. तेच कपडे नदीत खळबळून काढणारेही आहेत. कंबरेएवढ्या पाण्यात उतरून गळ टाकायचा असेल तर परमेथ्रिनची पँट नकोच. टोपी आणि शर्टावर भागवा.

कॉइल पेटवणाऱ्यांचा वेगळाच कारभार. वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला आणि पायाच्या पातळीला ठेवली तर तिचा धूर अंगावरून जातो. बहुतेक जण ठेवतात पाठीमागे, धूर जातो भलतीकडे. वारा वाढला की तोही विरतो. मग चिडून तीच कॉइल तंबूत नेतात. एक कॉइल जळताना निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरतात, हे २००३ मध्ये मोजून झालंय. बंद तंबूत हे छातीत भरून झोपायचं? उरलेला तुकडा आणि राख पाण्यात भिरकावणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की कॉइलमधलं औषध परमेथ्रिनच्याच भाऊबंदांतलं असतं. गॅसवर तापणाऱ्या वडीची उपकरणं एका जागी बसणाऱ्याला उपयोगी, पण आधी पंधरा मिनिटं आणि पडलेला वारा हवा. काठाकाठाने फिरत गळ टाकणाऱ्याच्या हाती फक्त वजन.

‘अल्ट्रासोनिक’ यंत्रांवर शब्द वाया घालवायचा नाही. चालत नाहीत, विषय संपला. लसूण, जीवनसत्त्वाच्या गोळ्याही तशाच. निळ्या दिव्याचा सापळा मात्र बघण्यासारखा विनोद आहे. अमेरिकेत १९९६ मध्ये छापलेल्या एका मोजणीत अशा सापळ्यांत १३,७८९ कीटक मेले, त्यात चावणारे निघाले ३१. बाकी सगळे बिचारे निरुपद्रवी, त्यातले बरेचसे पाण्यात वाढणारे. म्हणजे माशांचं जेवण जाळायचं आणि डासांना मोकळं सोडायचं.

कपड्यांचंही तेच. ‘स्पोर्ट्स’ म्हणून विकलेल्या घट्ट पँटींतून डास आरामात सोंड घालतो, कापड कातडीला चिकटलेलं असलं की त्याला अडसर कसला? ढगळ, फिक्या रंगाचे, दाट विणीचे कपडे घ्या आणि पँटचा पाय मोज्यात खोचा, ती दोन बोटांची फट बंद. तोंडावरची जाळी रुंद काठाच्या टोपीवरूनच सोडा, नाहीतर ती नाकाला टेकते आणि डास जाळीतून चावतो. जाळी काळी घ्या. पांढरीतून फ्लोट दिसत नाही. आणि चिलटांचा त्रास असेल तर डासांची जाळी कुचकामी, वीण त्याहून बारीक लागते.

बसायची जागा निवडताना फुकटातला उपाय कुणी बघतच नाही. डास उडायला मंद, ताशी पंधरा किलोमीटरच्या वाऱ्यात त्याचं काही चालत नाही. मग बोरूच्या दाट गचपणात, सावलीत, वारा अडलेल्या कोपऱ्यात तळ कशाला ठोकायचा? पाण्यात घुसलेल्या उघड्या टोकावर बसा, वारा तोंडावर घ्या. वाऱ्याने पाण्यावरचं खाद्य त्याच काठाला लोटलेलं असतं, मासेही तिथेच येतात.

आणि शेवटची डोकेदुखी, बाटलीचं झाकण. पिशवीत दाबली गेली की पंप सुरू, आणि सगळं औषध लूरच्या कप्प्यात. चार पैशांची एक खाच, फिरवली की पंप बंद, एवढी सोय करायला यांना जमत नाही. म्हणून बाटली उभी, घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत, तीही दुसऱ्या पिशवीत घालून, साधनांपासून वेगळ्या खिशात. पाचशे लूर सांभाळणाऱ्या पेटीत सतरा कप्पे असतात, आणि या एका गळक्या बाटलीसाठी एकही नसतो!