ओळख झाकून ठेवल्याने मुलांचा ताण कमी होत नाही

अमेरिकेत हायस्कूलच्या वयाची मुलं वाढवणाऱ्या आपल्या मराठी लोकांमध्ये एक सल्ला सतत पुढे पाठवला जातो. त्याचा मथितार्थ असा : ‘आपण कोण, कुठले’ या भानगडीत मुलांना पाडू नका. तो विषय निघाला की मूल स्वतःला वेगळं समजू लागतं, ताण वाढतो, अभ्यास मागे पडतो, वर्गात गट पडतात. आशियाई मुलं पुढे जातात ती यात पडत नाहीत म्हणून. ताण आलाच तर प्राणायाम आहे. सल्ला देणाऱ्यांची काळजी खरी आहे, हे मी मानतो. पण यातली बहुतेक विधानं अभ्यासकांनी तपासून पाहिली आहेत आणि ती टिकलेली नाहीत.

ओळखीची जाणीव ताण वाढवते, हे पहिलं विधान. लॉस एंजेलिस परिसरातल्या चिनी आणि मेक्सिकन घरांतल्या नववीच्या 415 मुलांनी दोन आठवडे रोज रात्री एक छोटी नोंद भरली. आज घरच्यांनी, शाळेनं, मित्रांनी किती कामं मागे लावली? मन कसं होतं? लिसा किआंग, टिफनी यिप, अँड्र्यू फुलिग्नी आणि सहकाऱ्यांनी 2006 साली त्याचे निष्कर्ष मांडले. आपल्या समाजाबद्दल ज्यांना आपुलकी आणि अभिमान होता, ती मुलं एकंदरीत जास्त आनंदी आणि कमी चिंतेत होती. शिवाय ज्या दिवशी कामांची रीघ लागली, त्या दिवशीही त्यांचं मन इतरांइतकं ढासळलं नाही. मला यातला दुसरा भाग फार मोलाचा वाटतो. तिथे मोजलेला ताण भेदभावाचा नव्हता. गृहपाठ, घरकाम, मैत्रीतल्या कुरबुरी, असा साधा रोजचा होता. म्हणजे ओळखीचा आधार फक्त कुणी हिणवलं तरच कामी येतो असं नाही.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, कारण या सल्ल्यामागे पालकांनी डोळ्यांनी पाहिलेलं काहीतरी आहे. जीन फिनी या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1989 मध्ये किशोरांच्या वांशिक ओळखीचे टप्पे मांडले : आधी विचारच केलेला नसतो, मग शोध सुरू होतो आणि पुढे ‘मी हा आहे, मी ही आहे’ असा ठामपणा येतो. यिप आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले, तेव्हा दिसलं की ठामपणा आलेल्यांना भेदभावाची झळ कमी बसते, पण शोधाच्या टप्प्यावर असलेल्यांना ती उलट जास्त बसते. तेव्हा घरात अचानक प्रश्नांचा भडिमार करणारी, चिडणारी, गप्प बसणारी मुलगी पाहून आई-वडील घाबरले, तर त्यात चूक काही नाही. चूक त्यापुढच्या निष्कर्षात आहे. शोध थांबवला म्हणून ठामपणा येत नाही, मूल मधेच अडकतं. त्या वेळी तिला घरातलं बोलणं सगळ्यात जास्त हवं असतं आणि हा सल्ला नेमकं तेच बंद करायला सांगतो.

अभ्यास मागे पडतो, हे दुसरं विधान. याची परीक्षा ॲरिझोनातल्या टूसॉन शहरात झाली. तिथल्या शाळांमध्ये 1998 पासून मेक्सिकन-अमेरिकन इतिहास आणि साहित्याचे वर्ग चालत. 2010 मध्ये राज्यानं कायदा करून असे वर्ग बेकायदा ठरवले. कारण जवळपास या सल्ल्यातल्यासारखंच : मुलांकडे व्यक्ती म्हणून पाहायचं सोडून हे वर्ग वांशिक एकजूट शिकवतात. 2012 च्या जानेवारीत वर्ग बंद झाले आणि काही पुस्तकं खोक्यांत भरून वर्गाबाहेर नेली गेली. नंतर नोलन कॅब्रेरा आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा हे वर्ग घेतलेली मुलं राज्याच्या परीक्षेत उत्तीर्ण होण्याचं आणि हायस्कूल पूर्ण करण्याचं प्रमाण जास्त निघालं. तीही आधीचे गुण इतरांपेक्षा कमी असताना. 2017 मध्ये फेडरल न्यायाधीश वॉलेस ताशिमा यांनी ही बंदी वंशद्वेषातून आल्याचा निकाल दिला. जपानी वंशाचे हे न्यायाधीश दुसऱ्या महायुद्धात लहानपणी ॲरिझोनातल्याच पोस्टन इथे, जपानी वंशाच्या लोकांना कोंडण्यासाठी अमेरिकन सरकारनं उभारलेल्या छावणीत, कुटुंबासह डांबले गेले होते.

सॅन फ्रान्सिस्कोत आठवीत फार कमी ग्रेड मिळालेल्या मुलांना नववीत वेगवेगळ्या वांशिक समाजांच्या इतिहासाचा असाच विषय (एथ्निक स्टडीज) आपोआप लावला गेला. थॉमस डी आणि एमिली पेनर यांच्या 2017 च्या अभ्यासात त्यांच्या हजेरीची टक्केवारी 21 अंकांनी आणि जीपीए (चारपैकी मोजली जाणारी ग्रेडची सरासरी) 1.4 नं वाढल्याचं दिसलं. हे आकडे डोळे दिपवणारे आहेत आणि काही तज्ज्ञांनी त्यांच्या पद्धतीवर आक्षेपही घेतले आहेत, म्हणून मी त्यांवर सगळी भिस्त ठेवणार नाही. पण ‘नुकसान होतं’ म्हणणाऱ्यांकडे तर एवढाही पुरावा नाही.

गट पडतात म्हणावं, तर अद्रियाना उमान्या-टेलर यांचा आठ आठवड्यांचा उपक्रम पाहा. त्यात वर्गातली सगळीच मुलं, गोरीसुद्धा, आपापल्या घराण्याचा मागोवा घेतात आणि एकमेकांना सांगतात. 2018 च्या अहवालात वर्षभरानंतर या मुलांमध्ये आत्मविश्वास जास्त, उदासी कमी आणि ग्रेडही बऱ्या दिसल्या.

राहिली आशियाई मुलांची गोष्ट, आणि इथे मला खरंच वाईट वाटतं. सुझन रोझेनब्लूम आणि नायोबी वे यांनी 2004 मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका हायस्कूलचा अभ्यास छापला. कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलं पोलीस, दुकानदार, शिक्षक अशा मोठ्यांकडून होणाऱ्या भेदभावाबद्दल बोलली. आशियाई मुलं बोलली ती बरोबरीच्या मुलांकडून होणाऱ्या छळाबद्दल : नावं ठेवणं, ढकलणं, मारणं. शिक्षकांना ही मुलं हुशार वाटत, आणि वर्गमित्रांच्या रागाला ते एक निमित्त झालं. चांगले गुण पाहून आपण समजतो की सगळं ठीक आहे. आपल्या घरातलं मूलही डबा न उघडता परत आणतं, नावाचा उच्चार मोडून सांगतं आणि ‘ए’ ग्रेड आणतं, तेव्हा कुणी विचारत नाही.

प्राणायामाला माझा विरोध नाही. परीक्षेआधी धडधडणाऱ्या मुलाला तो उपयोगी पडतो. पण बसमध्ये रोज तेच टोमणे ऐकणाऱ्या मुलाला फक्त श्वास मोजायला सांगणं म्हणजे त्रास देणाऱ्याला मोकळं सोडून त्रास होणाऱ्याला कामाला लावणं. त्याच्याकरता शाळेच्या समुपदेशकाला लेखी कळवावं, तारीख आणि शब्द टिपून ठेवावेत, उत्तर येईपर्यंत पाठपुरावा करावा. आणि रविवारच्या मराठी शाळेत मुळाक्षरांबरोबर सोमवारी शाळेत काय घडतं, हेही मोठ्या मुलांना बोलू द्यावं. तिथे त्यांना समजून घेणारी त्यांच्याच वयाची मुलं बसलेली असतात.